कक्षेतल्या कारखान्याचा जमाखर्च

१९८५ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेनं पाच मिलिलीटरची एक छोटी काचेची बाटली विकायला काढली. किंमत ३८४ डॉलर. आत पाण्यात विखुरलेले पॉलिस्टायरीनचे सुमारे ३ कोटी मणी होते. प्रत्येक मण्याचा व्यास जवळजवळ नेमका १० मायक्रॉन, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षा जरासा जास्त. सूक्ष्मदर्शक आणि रक्तपेशी मोजणारी यंत्रं बरोबर माप दाखवतात की नाही, हे पडताळायला असे मणी लागतात. हे मणी स्पेस शटलमध्ये वाढवले होते, लीहाय विद्यापीठातल्या जॉन व्हँडरहॉफ यांच्या गटानं आखलेल्या उपकरणात. अवकाशात तयार होऊन पृथ्वीवर विकला गेलेला हा पहिला माल.

बाटलीतलं पाणी वगळून नुसत्या प्लॅस्टिकचं वजन काढलं तर ते १६-१७ मिलिग्रॅम भरतं. त्या हिशेबानं भाव किलोला सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर पडतो. इतका भाव देणारं गिऱ्हाईक होतं, माल उत्तम होता, आणि तरीही या मण्यांमधून अवकाशातला उद्योग उभा राहिला नाही. जगाला असे मणी लागतात ते ग्रॅममध्ये. पुढे बारीक सुधारणा करून जमिनीवरही एकसारखे मणी बनवता येऊ लागले. अवकाशातल्या उत्पादनाचं गणित कुठे अडतं, ते या पहिल्याच विक्रीत दिसलं होतं. रॉकेटच्या भाड्याची चर्चा फार होते. माझ्या मते त्याहून कठीण प्रश्न दुसरा आहे: वर केलेली वस्तू खाली करता येणार नाही, हे किती वर्षं खरं राहील?

आधी, वर जाऊन मिळतं काय ते पाहू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं. जमिनीवरच्या तुलनेत ते जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक आणि त्यातली प्रत्येक वस्तू सतत एकत्र पडत असते, म्हणून वजन जाणवत नाही. वजन नाही म्हणजे जड कण तळाशी बसत नाहीत, हलके वर येत नाहीत, तापलेला द्रव वर चढत नाही आणि थंड द्रव खाली सरकत नाही. जमिनीवर मणी एका आकारापलीकडे वाढले की तरंगायचे किंवा तळाशी बसायचे. ढवळावं तर एकमेकांना चिकटायचे. शटलमध्ये त्यांना निवांत वाढता आलं.

ही अवस्था जमिनीवरही मिळते, पण क्षणभर. जर्मनीत ब्रेमेन इथे १४६ मीटर उंचीचा मनोरा आहे. त्यातल्या निर्वात नळीतून वस्तू सोडली की ४.७ सेकंद ती मुक्तपणे पडते. विमान विशिष्ट कमानीत उडवलं तर एका खेपेला वीसेक सेकंद मिळतात, छोट्या अग्निबाणात काही मिनिटं. स्फटिक वाढवायला तास किंवा दिवस लागतात, म्हणून कक्षेत जावं लागतं. तिथे टिकून राहायला सेकंदाला जवळपास पावणेआठ किलोमीटर वेग हवा. फाल्कन ९ रॉकेट उडताना सुमारे ५५० टन भरतं आणि पहिला टप्पा परत आणायचा नसेल तर पृथ्वीजवळच्या कक्षेत जास्तीत जास्त २२.८ टन नेतं. बाकीचं बहुतेक वजन इंधन आणि ऑक्सिजनचं.

आता हिशेब मांडू. यातले काही आकडे प्रसिद्ध आहेत, काही मी गृहीत धरलेले. गृहीत कुठला ते सांगतो.

समजा, स्वतंत्र उडणारं एक छोटं यान आहे. एकूण वजन ३०० किलो, त्यातली परत येणारी कुपी शंभर किलोच्या आसपास, आणि कुपीत पक्का माल १० किलो. ते १० किलो माझं गृहीत. २०२४ च्या सुमारास स्पेसएक्सच्या सामायिक उड्डाणात जागेचं भाडं किलोला सुमारे ६ हजार डॉलर होतं. भाडं मालाच्या वजनावर लागत नाही, सगळ्या यानाच्या वजनावर लागतं. म्हणजे १८ लाख डॉलर. दहा किलोवर वाटले तर मालाच्या दर किलोमागे १ लाख ८० हजार. २०२४ मध्ये सोन्याचा जागतिक भाव किलोला सुमारे ६५ ते ९० हजार डॉलरच्या दरम्यान फिरला. नुसती वर जाण्याची रक्कमच सोन्याच्या दुप्पट झाली.

यान बांधणं, ते कक्षेत चालवणं, परवाने, उतरण्याच्या जागेचं शुल्क, हेलिकॉप्टर, माणसं, विमा यांचे आणखी ५० लाख डॉलर धरू. हेही गृहीतच. एकूण ६८ लाख, म्हणजे किलोला ६ लाख ८० हजार. आता रॉकेट पूर्ण फुकट करून पाहा. खर्च येतो किलोला ५ लाखांवर. भाडं शून्य झालं तरी जेमतेम चौथा हिस्सा कमी झाला. मालाचं वजन मात्र दहाचं वीस किलो केलं, तर सगळा खर्च एकदम निम्मा होतो. माझी गृहीतकं बदलली की आकडे हलतील, पण कुठला आकडा जास्त जोरात ओढतो ते बदलत नाही: एका किलो मालामागे किती किलो यंत्रणा वर न्यावी लागते, आणि तीच यंत्रणा पुन्हा किती वेळा वापरता येते.

ग्रॅममागे ६८० डॉलर खर्च झेपणाऱ्या वस्तू जगात आहेत का? आहेत, पण थोड्या. मर्क कंपनीचं कर्करोगावरचं कीट्रुडा घ्या. त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेची अमेरिकेतली यादी-किंमत ११ हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे ग्रॅमला ५० हजारांहून जास्त. इथे ६८० डॉलर किरकोळ वाटतील. पण या औषधाची २०२४ मधली जागतिक विक्री २९ अब्ज डॉलरच्या पुढे होती. किंमत आणि विक्री यांचा भागाकार केला तर वर्षाला शेकडो किलो औषध लागतं, असं निघतं. खेपेला १० किलो म्हटलं तर वर्षाला पन्नासहून जास्त उड्डाणं आणि तितकीच सुखरूप उतरणं. आणि औषधाचा पुरवठा एक आठवडाही थांबवता येत नाही.

रॉकेटचं भाडं अगदीच बिनमहत्त्वाचं आहे, असं मी म्हणत नाही. शटलच्या काळात त्यानंच दार बंद ठेवलं होतं. आठवड्याला एक उड्डाण, अशा अपेक्षेवर शटलची आखणी झाली. प्रत्यक्षात सगळ्यात गजबजलेल्या १९८५ सालात नऊ उड्डाणं झाली. संपूर्ण कार्यक्रमाचा खर्च १३५ उड्डाणांवर वाटला तर एकेका उड्डाणाला सुमारे दीड अब्ज डॉलर पडतात. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन ९ चा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला आणि मार्च २०१७ मध्ये उतरलेला टप्पा पुन्हा उडाला, तेव्हा हे दार किलकिलं झालं. आज नव्या कंपन्या या धंद्यात आहेत त्या यामुळेच.

पण शटलच्या काळातली सगळ्यात मोठी आशा भाड्यानं मेली नाही. ती गोष्ट नीट सांगायला हवी.

मॅकडोनेल डग्लस ही विमानं बनवणारी कंपनी आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून एक यंत्र तयार केलं होतं. वाहत्या द्रवाला आडवं विद्युत क्षेत्र लावायचं. वेगवेगळी प्रथिनं आपापल्या विद्युतभारानुसार वेगवेगळ्या दिशांना सरकतात आणि निराळी गोळा करता येतात. जमिनीवर यात विद्युतप्रवाहानं द्रव तापतो, उष्णतेनं प्रवाह उठतात आणि वेगळं झालेलं पुन्हा मिसळतं. कक्षेत हा उपद्रव नाही. १९८२ पासून हे यंत्र शटलमध्ये उडू लागलं. ते चालवायला मॅकडोनेल डग्लसचे अभियंते चार्ल्स वॉकर १९८४ आणि १९८५ मध्ये मिळून तीनदा अवकाशात गेले. खासगी कंपनीच्या कामासाठी, कंपनीचा नोकर म्हणून कक्षेत गेलेला हा पहिला माणूस. वेगळं करायचं होतं ते एरिथ्रोपोएटिन, तांबड्या पेशी तयार करायला शरीराला सांगणारं संप्रेरक. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना त्याची नितांत गरज होती आणि नैसर्गिक स्रोतांतून ते अत्यल्प मिळायचं. अवकाशातून आणायला याहून योग्य वस्तू सापडणं कठीण: वजन नगण्य, किंमत प्रचंड, गरज खरी.

त्याच वर्षांत कॅलिफोर्नियातल्या ॲमजेन या लहानशा कंपनीत फू-कुएन लिन यांनी एरिथ्रोपोएटिनचं जनुक वेगळं काढलं. ते जनुक हॅमस्टरच्या पेशींमध्ये घातलं की पेशीच ते संप्रेरक बनवू लागतात. मिश्रणातून थेंबभर शोधून काढण्याचा प्रश्नच उरला नाही. १९८५ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं अवकाश प्रकल्प सोडून ॲमजेनशी करार केला. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर हे शटल कोसळलं आणि शटलवरची व्यापारी वाहतूकच बंद झाली. पण तोवर निकाल लागलेला होता. १९८९ मध्ये ॲमजेनच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. उद्या शटलचं भाडं शून्य झालं असतं तरी कक्षेतलं एरिथ्रोपोएटिन विकलं गेलं नसतं.

आज हाच प्रसंग एका काचेच्या धाग्याच्या बाबतीत डोळ्यांसमोर घडतो आहे. झेडब्लॅन ही झिर्कोनियम, बेरियम, लॅन्थॅनम, ॲल्युमिनियम आणि सोडियम यांच्या फ्लोराइडांची काच. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात १९७०च्या दशकात या जातीच्या काचा सापडल्या. अवरक्त प्रकाश यातून नेहमीच्या सिलिका धाग्यापेक्षा कितीतरी कमी क्षीण होत जावा, असं सिद्धांत सांगतो. प्रत्यक्षात जमिनीवर धागा ओढताना त्यात सूक्ष्म स्फटिक धरतात आणि प्रकाश विखुरतो. वजनविरहित अवस्थेत स्फटिक धरणं कमी होतं. २०२४ च्या सुरुवातीला फ्लॉलेस फोटॉनिक्स या कंपनीच्या यंत्रानं स्थानकावर जवळजवळ १२ किलोमीटर धागा ओढला.

याची वाहतूक मी मांडून पाहिली आहे. धागा नेहमीच्या १२५ मायक्रॉन जाडीचा धरला तर एका किलोमीटरचं वजन पन्नास-पंचावन्न ग्रॅम येतं. बारा किलोमीटर म्हणजे पाऊण किलोही नाही. स्थानकावर व्यापारी कामासाठी नासानं मार्च २०२१ मध्ये जे दर लावले ते असे: माल वर न्यायला किलोला २० हजार डॉलर, खाली आणायला ४० हजार, आणि अंतराळवीराच्या एका तासाला १ लाख ३० हजार. त्याआधी, २०१९ मध्ये, हेच दर ३ हजार, ६ हजार आणि साडेसतरा हजार होते. खरा खर्च दिसावा म्हणून ते वाढवले. नव्या दरानंही कच्चा माल नेणं आणि धागा आणणं मिळून मीटरला सव्वातीन डॉलरच्या आसपासच पडतं. यंत्र आणि माणसाचा वेळ निराळा, पण यंत्र तिथेच राहून पुन्हा पुन्हा वापरता येतं. म्हणजे भाडं इथे अडसर नाही. प्रश्न धाग्याच्या गुणाचा आहे, आणि जमिनीवरच्या प्रतिस्पर्ध्याचा. साउथॅम्प्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पोकळ गाभ्याच्या धाग्यात किलोमीटरला ०.०९१ डेसिबल इतकी कमी घट दाखवली. उत्तमातल्या उत्तम सिलिका धाग्यातही ती ०.१४ च्या आसपासच अडते. पोकळ धाग्यात प्रकाश काचेतून जवळजवळ जातच नाही, हवेतून जातो, त्यामुळे काच कुठली हा प्रश्नच मागे पडतो. झेडब्लॅनला इतर तरंगलांबींवर आणि लेसरमध्ये जागा राहील. लांब पल्ल्याच्या दूरसंचाराची बाजारपेठ मात्र त्याच्या हातून निसटताना मला दिसते.

नासाच्या त्या दरपत्रकात खाली आणणं वर नेण्याच्या दुप्पट महाग होतं, इकडे पुन्हा लक्ष द्या. स्थानकाला माल पुरवणारी बहुतेक यानं परतीत कचरा भरून वातावरणात जळून जातात. मोठा माल सुखरूप आणतं ते जवळजवळ एकटं स्पेसएक्सचं ड्रॅगन यान. कक्षेतून निघायला इंधन थोडंच लागतं, पण सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाची सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर टाकावी लागते. त्यासाठी उष्णताकवच हवं, छत्री हवी, रिकामी आणि मोठी जमीन किंवा समुद्र हवा, आणि सरकारची परवानगी हवी.

भारतानं हे एकदा करून दाखवलं आहे. १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्ही-सी७ नं ५५० किलोची एसआरई-१ ही कुपी श्रीहरिकोट्याहून वर नेली. बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तटरक्षक दलाच्या मदतीनं बाहेर काढली गेली. आत दोन प्रयोग होते: भट्टीत धातू वितळवून घडवण्याचा एक, आणि हाडांत असतं त्या हायड्रॉक्सिॲपटाइटचे सूक्ष्म कण बनवण्याचा दुसरा. वर काही बनवायचं आणि खाली आणायचं, ही साखळी आपल्याकडे २००७ मध्येच पूर्ण झाली होती. ती त्या वेगानं पुढे चालू राहिली असती, तर आज या क्षेत्रात आपलं स्थान निराळं असतं, याची मला खंत वाटते.

परतीची परवानगी किती महाग पडते ते कक्षेत औषधं बनवू पाहणाऱ्या व्हार्डा स्पेस इंडस्ट्रीज या अमेरिकी कंपनीनं अनुभवलं. त्यांचं पहिलं यान, डब्ल्यू-१, १२ जून २०२३ रोजी निघालं. आत एचआयव्हीवरचं औषध रिटोनाविर. स्फटिक बनवण्याचं काम जून संपता संपता झालं. कुपी युटाच्या वाळवंटातल्या लष्करी मैदानावर उतरली ती २१ फेब्रुवारी २०२४ ला. मधले सगळे महिने तयार माल पृथ्वीभोवती फिरत राहिला, कारण अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा पुनःप्रवेश परवाना आणि लष्करी मैदानाची तारीख यांचा मेळ बसत नव्हता. आपल्या कोष्टकात हे बसवून पाहा. ६८ लाख डॉलर भांडवलावर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर आठ महिन्यांचे ५ लाख ४४ हजार होतात. म्हणजे १८ लाखांच्या रॉकेटभाड्याच्या तीस टक्के रक्कम नुसती वाट पाहण्यात गेली. डब्ल्यू-२ फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कूनिब्बा इथे उतरलं, तेही दीडेक महिन्यात. दुसऱ्या देशात जागा शोधल्यानं जे वाचलं, ते स्वस्त रॉकेटनं वाचलं नसतं.

रिटोनाविर निवडण्यामागे एक जुनी घटना आहे. ॲबट कंपनीनं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आणलं. १९९८ मध्ये कारखान्यात त्याच रेणूचा दुसऱ्या रचनेचा स्फटिक अचानक दिसू लागला. तो पाण्यात नीट विरघळेना, म्हणून कॅप्सूल मागे घ्यावी लागली. एकदा तो स्फटिक आला की त्याचा सूक्ष्म कणही पुढच्या घाण्याला आपल्यासारखं करून टाकायचा. दुधाला विरजण लागावं तसं. ज्या गुणानं ॲबटची झोप उडवली, तोच गुण अवकाशातल्या उत्पादकाला उपयोगी आहे. कक्षेत हव्या त्या रचनेचा स्फटिक मिळाला तर टनावारी माल आणायची गरज नाही. ग्रॅमभर बीज आणायचं आणि जमिनीवरच्या कारखान्यात त्यावर पुढचा माल वाढवायचा. मर्कचे पॉल रीशर्ट यांनी स्थानकावर कीट्रुडाचे स्फटिक वाढवले तेव्हा ते सुमारे ३९ मायक्रॉनचे, एकसारखे आले. जमिनीवरच्या तुलनेच्या प्रयोगात १३ आणि १०२ मायक्रॉन असे दोन घोळके पडले होते. वर काय वेगळं घडलं ते समजल्यावर तसाच परिणाम जमिनीवर साधण्याच्या वाटा शोधता येतात. इथे खाली आणलेली मुख्य वस्तू माहिती होती, आणि माहितीला वजन नसतं.

वाहतुकीच्या दृष्टीनं हे फार सोयीचं आहे, कारण मालाचं वजन हा घटकच जवळजवळ गळून पडतो आणि शेकडो किलोंच्या पुरवठ्याचा प्रश्नही मिटतो. कारखानदाराच्या दृष्टीनं मात्र गिऱ्हाईक एकदाच येतं. बीज मिळालं किंवा युक्ती कळली की त्याला पुन्हा वर यायचं कारण नाही. म्हणून असा धंदा किलोच्या भावावर चालणार नाही. औषधाच्या पुढच्या विक्रीतला वाटा मागावा लागेल, आणि औषध मंजूर व्हायला दहा वर्षं लागू शकतात. तोवर यानं उडत राहिली पाहिजेत, नाहीतर प्रत्येक उड्डाणाचा खर्च पुन्हा वर चढतो.

ही मधली वर्षं कशी काढायची याचं व्हार्डाचं उत्तर कुपीच्या बाहेरच्या बाजूला आहे. वातावरणात शिरताना तिचा वेग आवाजाच्या सुमारे पंचवीस पट असतो, आणि त्या वेगाला उष्णताकवच, संवेदक, दिशादर्शक यंत्रं कशी वागतात हे जमिनीवरच्या बोगद्यांत पुरतं तपासता येत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेचा वर्णपटमापक डब्ल्यू-२ मधून याच कामासाठी उतरला, आणि या चाचण्यांसाठी हवाई दल कंपनीला पैसे देतं. जो परतीचा प्रवास आपण वर ५० लाखांच्या खर्चात धरला, तोच सध्या औषधांच्या आधी पैसे आणतो आहे. आणि जमिनीवर करता न येणाऱ्या गोष्टींच्या यादीत तूर्त तरी तो पक्का आहे.